होल्लोको: हंगेरीतल्या एका डोंगरी गावाचा इतिहास आणि तिथली माणसं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

होल्लोको कुठे आहे?

हंगेरीच्या उत्तरेला, नोग्राद जिल्ह्यात. बुदापेस्टहून ईशान्येला रस्त्याने ९० ते १०० किलोमीटर. जवळचं बाजाराचं गाव सेचेन्य, पंधराएक किलोमीटरवर. त्याच्या थोडं पलीकडे इपॉय नदी आणि स्लोव्हाकियाची सीमा. होल्लोको वसलंय चेरहाट नावाच्या डोंगररांगेतल्या एका अरुंद खोऱ्यात. मोठ्या रस्त्यापासून आत असल्यामुळे इथे कुणी जाता जाता सहज येत नाही, मुद्दाम वाट वाकडी करावी लागते. या आडबाजूपणामुळेच गाव जुन्या रूपात टिकलं, आणि याच कारणाने तिथली माणसं बाहेर पडत गेली. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हे दोन धागे पुन्हा पुन्हा येतील.

चेरहाटचे डोंगर आहेत तरी किती उंच? याला डोंगरी गाव म्हणायचं का?

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ते टेकड्याच वाटतील. अख्ख्या हंगेरीतलं सर्वांत उंच शिखर, मात्रा रांगेतलं केकेश, १०१४ मीटरचं आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. चेरहाट तर मात्राहूनही बरंच ठेंगणं. पण हंगेरीचा बहुतेक देश सपाट मैदानाचा आहे, त्यामुळे तिथल्या माणसाच्या लेखी हे डोंगरच. उंचीपेक्षा महत्त्वाचं आहे ते जमिनीचं रूप. उताराची, तुकड्यातुकड्यांची शेती, भोवती जंगल, पेरणीला पुरेशी सपाट जागा नाही. दक्षिणेकडच्या मैदानातली मोठाली गव्हाची शेतं आणि ऐसपैस गावं इथे उभी राहणं शक्यच नव्हतं. इथलं गाव लहान राहिलं ते जमिनीमुळे.

गावाच्या नावात डोमकावळा आहे म्हणतात. ती गोष्ट काय?

‘होल्लो’ म्हणजे डोमकावळा आणि ‘को’ म्हणजे दगड किंवा कातळ. दंतकथा अशी, की काचिच घराण्यातल्या आंद्राश नावाच्या सरदाराने एक सुंदर मुलगी पळवून आणली आणि तिला आपल्या किल्ल्यात कोंडलं. तिची दाई चेटकीण होती. तिने सैतानाशी सौदा केला. सैतानाची पोरं डोमकावळ्यांच्या रूपात आली, त्यांनी रात्रीतून त्या किल्ल्याचा दगडन् दगड उचलून नेला आणि मुलीची सुटका झाली. नेलेल्या दगडांतून कातळावर नवा किल्ला उभा राहिला, तोच हा होल्लोको.

कथा रचलेली असली तरी तिच्यातलं काचिच हे नाव खरं आहे. किल्ला बांधणारं घराणं तेच.

मग किल्ला खरोखर कधी बांधला?

तेराव्या शतकात. १२४१-४२ मध्ये मंगोल स्वारीने हंगेरी अक्षरशः उजाड केली. मातीचे तट आणि लाकडी कुंपणं कुचकामी ठरली, दगडी किल्ल्यांत शिरलेली माणसं मात्र बरीचशी वाचली. त्यानंतर राजा चौथा बेला याने दगडी किल्ले बांधायला सरदारांना मोकळीक दिली आणि पुढच्या काही दशकांत देशभर डोंगरमाथ्यांवर किल्ले उगवले. होल्लोको त्या लाटेतला. लेखी कागदात त्याचा उल्लेख १३१० पासून सापडतो.

लगेच मालकही बदलला. काचिच घराण्याच्या एका शाखेने राजा कारोय रोबेर्तच्या विरोधात चाक माते या बंडखोर सरदाराची बाजू धरली. १३१२ ची रोझगोन्यची लढाई राजाने जिंकली आणि बंडखोरांच्या साथीदारांच्या जहागिरी गेल्या. होल्लोको मिळाला तमाश सेचेनी याला. तो काचिच कुळातलाच, पण राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या शाखेतला. हा तमाश पुढे ट्रान्सिल्व्हेनियाचा सुभेदार झाला आणि सेचेन्य हे त्याचं मुख्य ठाणं बनलं. होल्लोको मोठ्या घराण्याचा दुय्यम किल्ला राहिला, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आणि वाटांवर नजर ठेवणारा.

तुर्कांच्या काळात इथे काय घडलं?

१५५२ च्या उन्हाळ्यात बुदाचा (आजच्या बुदापेस्टचा) तुर्क सुभेदार अली पाशा नोग्रादच्या किल्ल्यांवर चालून आला. जवळचा द्रेगेय किल्ला द्यर्द सोंदी याने मूठभर शिबंदीनिशी शेवटपर्यंत लढवला आणि तो तिथेच पडला. हंगेरीत हे नाव आजही शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच मोहिमेत सेचेन्य आणि होल्लोकोही तुर्कांच्या हाती गेले. पुढची १३० वर्षं हा मुलूख सरहद्दीचा. १५९३ मध्ये किल्ला हंगेरियन बाजूकडे परत आला, १६६३ मध्ये पुन्हा तुर्कांकडे गेला आणि १६८३ मध्ये व्हिएन्नाचा वेढा उठवून परतणारा पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच्या फौजेने तो कायमचा सोडवला.

या तारखा म्हणजे सरदारांचा आणि पाशांचा इतिहास. गावकऱ्याच्या वाट्याला जे आलं ते वेगळं. सरहद्दीवरच्या गावाला बऱ्याचदा दोन्हीकडे कर भरावा लागे, एक तुर्क अधिकाऱ्याला आणि एक हंगेरियन जमीनदाराला. सैन्य कुठलंही असो, त्याच्या वाटेवरचं धान्य आणि गुरं जायचीच. नोग्रादमधली कितीतरी खेडी या काळात ओस पडली. त्यांतल्या काहींमध्ये नंतर उत्तरेकडून स्लोव्हाक कुटुंबं आणून वसवली गेली, म्हणून आजही जिल्ह्यात स्लोव्हाक मुळाची गावं भेटतात. होल्लोको मात्र हंगेरियन भाषिकच राहिलं.

आज दिसतं ते गाव किती जुनं आहे?

किल्ला आणि गाव एकाच वयाचे, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. जुनी वस्ती किल्ल्याच्या आधाराने होती. तुर्कांचा काळ संपता संपता किल्ला आणि ती वस्ती दोन्ही मागे पडली आणि खालच्या खोऱ्यात आजचं गाव वाढलं, मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकात.

त्याच सुमारास किल्ल्याचं राजकीय आयुष्यही संपलं. १७०५ मध्ये शेजारच्या सेचेन्यला भरलेल्या सभेने फेरेन्त्स राकोत्सी याला व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग सत्तेविरुद्धच्या लढ्याचा नेता म्हणून निवडलं. १७११ मध्ये तो लढा हरला. हरलेल्यांना पुन्हा आसरा मिळू नये म्हणून किल्ले पाडायचा हुकूम निघाला. होल्लोकोच्या बाबतीत तो पुरता अमलात आला नाही, म्हणून नोग्रादमधल्या किल्ल्यांपैकी हा बराच शाबूत राहिला. १९६० च्या दशकात डागडुजी सुरू झाली आणि १९९६ मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला.

गावाची रचना कशी आहे?

मुळात एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं, इतकंच. पहिल्या पिढीने रस्त्याकडेची जागा घेतली. मुलं वेगळी झाली की त्यांनी बापाच्याच चिंचोळ्या जागेत, घराच्या पाठीमागे घर बांधलं. नातवांनी त्याच्याही मागे. असं गाव रस्त्याच्या बाजूने लांब न वाढता आत आत दाटत गेलं. मग आडवा दुसरा रस्ता निघाला. आज जुन्या गावात, ज्याला तिथे ‘ओफालू’ म्हणतात, कोशुत आणि पेतोफी या नावांचे दोन रस्ते आहेत आणि ते जिथे फुटतात तिथे चर्च.

धान्याची आणि चाऱ्याची कोठारं गावात नव्हती, ती वस्तीबाहेर शेतांच्या कडेला बांधत. गवताची गंजी घराला चिकटून असेल तर एक ठिणगी पुरते, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं.

गाव अनेकदा जळलं म्हणतात. तरी पुन्हा लाकडाचंच का बांधलं?

या गावाबद्दल एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो हा विचारावा.

घरं लाकडाची, छपरं गवताने शाकारलेली आणि घराला घर लागून. आग लागली की रांगच्या रांग जायची. १७८२ मध्ये सरकारने फर्मानच काढलं, की अशी पेट घेणारी घरं बांधू नयेत. होल्लोकोच्या लोकांनी ते मानलं नाही. का, तर जंगल दाराशी होतं आणि लाकूड हाताशी होतं, शिवाय गावातल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाला याच पद्धतीने घर उभारता येत होतं. पक्क्या विटा विकत आणायच्या तर पैसा लागतो, गवंडी लागतो. लाकूड-मातीचं घर भावकीच्या हातांनी उभं राहतं. फर्मान काढणाऱ्याला आग दिसत होती, गावकऱ्याला आगीनंतरचा हिवाळा दिसत होता.

१९०९ मध्ये शेवटची मोठी आग लागली आणि गावाचा मोठा भाग गेला. तोवर विसावं शतक उजाडलं होतं, देशभरातली खेडी नव्या घाटाची विटांची घरं बांधू लागली होती. होल्लोकोने पुन्हा आपल्या जुन्या पद्धतीचंच गाव उभं केलं. अगदी डोळे मिटून नाही. दगडी जोती आली, भिंतींना जाड गिलावा आणि चुन्याची सफेदी आली, गवताची जागा कौलांनी घेतली. म्हणजे आगीला जे भक्ष्य मिळायचं ते कमी केलं आणि घराचा घाट, जागेची वाटणी, ओसरी, लाकडी खांब हे सगळं तसंच ठेवलं.

म्हणून कुणी ‘इथली घरं तीनशे वर्षांची आहेत’ असं सांगितलं तर ते पूर्ण बरोबर नाही. गावाची आखणी आणि बांधायची रीत तेवढी जुनी आहे. भिंती बऱ्याचशा १९०९ नंतरच्या. माझ्या मते यामुळे गावाचं मोल वाढतंच. सुदैवाने वाचलेल्या वास्तूपेक्षा, हातात रीत असलेल्या लोकांनी राखेतून पुन्हा उभं केलेलं गाव मला जास्त जिवंत वाटतं.

इथल्या लोकांना पालोत्स म्हणतात. पालोत्स घर आतून कसं असतं?

लांबट, अरुंद, आणि रस्त्याकडे आखूड बाजू. मोजून तीन खोल्या एका रांगेत. रस्त्याकडची पुढची खोली सर्वांत चांगली: तिथे रंगवलेल्या पेट्या, उंच रचलेल्या उशांचा पलंग, कोपऱ्यात टेबल आणि वर भिंतीवर संतांच्या तसबिरी. मधल्या खोलीत स्वयंपाक आणि घराचं दार. मागची खोली कोठीची, धान्य, डुकराची चरबी आणि सुकवलेलं मांस ठेवायची.

पण कोठी नुसती सामानाची नव्हती. मोठ्या कुटुंबात लग्न झालेल्या बायका तिथे झोपत, प्रत्येक सुनेचा पलंग आणि तिची माहेरची पेटी तिथे असे. त्या खोलीला शेगडी नाही. उत्तर हंगेरीच्या जानेवारीत तापमान शून्याखाली बरंच जातं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या झोपेची कल्पना येईल. उबेची खोली म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची.

घराच्या लांब बाजूला, कधी पुढेही, लाकडी खांबांची ओसरी. तिचे कठडे नक्षीदार कापलेल्या फळ्यांचे. पाखं पुढे काढलेली, म्हणजे पाऊस मातीच्या भिंतीवर येऊ नये. दर्शनी त्रिकोणी भागात फळ्यांना कोरून भोकं पाडलेली असतात. माळ्यावरचा धूर आणि हवा तिथून बाहेर जाई. उतारामुळे बऱ्याच घरांच्या खालच्या अंगाला दगडी तळघर निघतं, त्यात वाइनची पिंपं आणि बटाटे.

पालोत्स म्हणजे कोण? ते हंगेरियनांपेक्षा वेगळे आहेत का?

ते हंगेरियनच. उत्तर हंगेरीत आणि सीमेपलीकडे दक्षिण स्लोव्हाकियात राहणारा, बहुतांशी रोमन कॅथलिक असलेला गट. त्यांची बोली कानाला लगेच वेगळी लागते: प्रमाण हंगेरियनमध्ये जिथे लांब ‘आ’ येतो तिथे पालोत्स माणूस ‘ऑ’कडे झुकतो. हे लोक मध्ययुगात आलेल्या कुमान टोळ्यांचे वंशज, असं एक मत जुनं आहे. अभ्यासकांत त्यावर एकमत झालेलं नाही. एकाच मुळापेक्षा अनेक मुळं एकत्र मुरून हा समाज झाला असावा, हे मला जास्त पटतं.

हंगेरीच्या साहित्यात या लोकांना मानाची जागा मिळाली ती कालमान मिक्सात या लेखकामुळे. तो याच मुलखातला. त्याचं जन्मगाव आज स्लोव्हाकियात आहे. पालोत्स माणसांवरच्या त्याच्या कथांचं पुस्तक १८८२ मध्ये आलं आणि राजधानीतल्या वाचकांनी या खेड्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

एका घरात किती माणसं राहायची?

पालोत्स मुलखात एकत्र कुटुंब विसाव्या शतकापर्यंत टिकलं. बाप, त्याचे लग्न झालेले मुलगे, सुना, नातवंडं सगळी एका अंगणाभोवती. जमीन, गुरं आणि पैशाचा व्यवहार बापाच्या हाती. चूल आणि सुनांची कामं सासूच्या हाती. बाप गेला की वाटण्या. एकाच अंगणात पुढेमागे तीन-चार घरं दिसतात ती अशा वाटण्यांची खूण. मराठी वाचकाला ही व्यवस्था फार समजावून सांगावी लागणार नाही.

वाटण्यांची दुसरी बाजू शेतात दिसते. १८४८ मध्ये वेठबिगारी संपली, शेतकरी आपल्या तुकड्याचा मालक झाला. मग तो तुकडा मुलांत वाटला गेला, मग नातवांत. डोंगरउतारावर आधीच अरुंद असलेल्या पट्ट्या आणखी अरुंद झाल्या. हंगेरीच्या काही भागांत, आणि पालोत्स मुलखातल्या काही गावांतही, लोकांनी यावर एक कठोर उपाय काढला: घरात एकच मूल. एक वारस, एक जमीन. लहान गावांच्या लोकसंख्येचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. नुसत्या शहराच्या ओढीने गावं रोडावली नाहीत, आपल्या जमिनीच्या भीतीनेही रोडावली.

आज गावाची लोकसंख्या किती?

तीनशेच्या आसपास, आणि ती घटतेच आहे. एकेकाळी याहून बरीच जास्त माणसं इथे नांदत होती. बहुतेक रहिवासी हंगेरियन, धर्माने रोमन कॅथलिक.

हा आकडा ज्या चौकटीत बसतो तीही पाहायला हवी. हंगेरीची लोकसंख्या १९८० च्या सुमारास १ कोटी ७ लाखांवर पोचली होती. २०२२ च्या जनगणनेत ती ९६ लाख भरली. म्हणजे देशच आक्रसतोय. नोग्राद हा देशातला सर्वांत कमी लोकवस्तीचा जिल्हा. होल्लोकोचं दुखणं एकट्या होल्लोकोचं नाही.

लोक गाव सोडून का गेले?

एका कारणाने नाही आणि एकदम नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत उत्तर हंगेरीतून माणसं अमेरिकेच्या खाणी-कारखान्यांकडे जात होती. जिल्ह्यातच शाल्गोतार्यानच्या परिसरात तपकिरी कोळसा सापडला, खाणी निघाल्या, पोलाद आणि काचेचे कारखाने आले. शेतात पुरेसं पिकत नसलेल्या तरुणाला तिथे रोख मजुरी मिळू लागली.

मग दुसऱ्या महायुद्धानंतरची साम्यवादी राजवट. १९५९ ते १९६१ या काळात देशभर शेती सक्तीने सामुदायिक झाली. ज्या पट्ट्यांसाठी एकच मूल ठेवायचं, त्या पट्ट्याच हातातून गेल्या. मग मुलाला गावात अडकवून ठेवायला काय उरलं? पोरं खाणींकडे, बुदापेस्टच्या कारखान्यांकडे गेली. आठवडाभर कामगारांच्या वसतिगृहात राहून शनिवारी घरी येणारे पुरुष ही त्या दशकांतल्या उत्तर हंगेरीची नेहमीची गोष्ट होती. पुढे कुटुंबंही त्यांच्यामागे गेली.

१९८९-९० मध्ये राजवट बदलली आणि नोग्रादच्या खाणी बंद पडल्या, कारखाने कोसळले. परतणाऱ्यांना गावात काम नव्हतं. ज्यांनी जायचं ठरवलं ते आता जिल्हाच सोडून गेले.

पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलली. त्याचा परिणाम झाला का?

झाला. १९२० च्या त्रिआनों तहाने नोग्राद जिल्हा मधोमध कापला. उत्तरेकडचा भाग, लोशोन्त्स या मोठ्या बाजारपेठेसह, चेकोस्लोव्हाकियात गेला. जिल्ह्याचं तेव्हाचं मुख्य ठाणं बालाशाद्यार्मात अगदी सीमेवर आलं. जानेवारी १९१९ मध्ये तिथल्या रेल्वे कामगारांनी आणि सैनिकांनी मिळून शहरात शिरलेल्या चेक तुकड्यांना हुसकून लावलं होतं, म्हणून ते निदान हंगेरीत राहिलं. होल्लोको सीमेच्या अलीकडे राहिलं खरं, पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या बाजारांना आणि सोयरिकींना धरून हा मुलूख जगत होता ते तुटले. आडबाजूचं गाव आणखी आडबाजूला पडलं.

जागतिक वारसा यादीत गाव कधी आलं?

डिसेंबर १९८७ मध्ये. हंगेरीची त्या वर्षी दोन नावं लागली: बुदापेस्टचा डॅन्यूबकाठ आणि बुदाचा किल्ला, आणि त्यांच्या शेजारी हे एवढंसं खेडं. आपली घारापुरीची लेणीही त्याच वर्षी यादीत आली. घारापुरीच्या बेटावरही राजबंदर, शेतबंदर, मोरबंदर अशा वाड्यांत माणसं राहतात, पण तिथे वारसा म्हणजे लेणी. होल्लोकोत वारसा म्हणून नोंदलं गेलं ते गावच. घरं आणि कोठारं मिळून १२६ इमारती, सोबत पट्ट्यापट्ट्यांची शेतं, फळबागा, द्राक्षमळे, कुरणं आणि जंगल. भोवतीचा परिसर संरक्षित भूदृश्य म्हणून हंगेरीने १९७७ मध्येच घोषित केला होता.

घरांबरोबर शेतंही राखायची हा विचार मला फार मोलाचा वाटतो. शेताशिवाय पालोत्स घर कळत नाही: ती कोठी, ते तळघर, ती बाहेरची कोठारं, सगळं शेतासाठीच.

जुन्या गावात खरंच कुणी राहतं का, की सगळं पर्यटकांसाठी आहे?

राहतात, पण मोजकीच कुटुंबं. बहुतेक गावकरी वरच्या अंगाच्या नव्या वस्तीत राहतात. जुन्या घराच्या अरुंद खोल्या, दमट भिंती, आणि वर काहीही बदलायचं तर परवानगी. तरुण जोडप्याने नव्या वस्तीत प्रशस्त घर बांधलं तर त्याला बोल लावता येत नाही. रिकाम्या झालेल्या जुन्या घरांत आता गावाचं संग्रहालय, टपाल संग्रहालय, वेगवेगळ्या पेहरावांतल्या बाहुल्यांचं दालन, विणकाम घर, कुंभाराचं आणि चीज करणाऱ्याचं दुकान, आणि पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या आहेत.

याबद्दल नाराजीने बोलणारे बरेच भेटतात. मला वाटतं, पर्यटन नसतं तर ही घरं केव्हाच कोसळली असती आणि नव्या वस्तीतलीही निम्मी माणसं गेली असती. काळजी करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. १९०९ नंतर गाव पुन्हा उभं राहिलं कारण बांधायची रीत गावातल्या हातांत होती. आज दुरुस्तीला बाहेरून कारागीर लागतात. गावात लहान मुलं किती आहेत, आणि त्यांतली किती इथेच राहतील, यावर होल्लोकोचं पुढचं शतक ठरेल. छपरांवरची कौलं मोजून ते कळणार नाही.

रविवारी बायका पारंपरिक पोशाख घालतात का?

सणाला घालतात. रोजच्या वापरातून तो जवळपास गेला, फक्त म्हाताऱ्या बायकांनी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकवला. एकावर एक घातलेले चुणीदार घागरे, भरतकाम केलेला एप्रन, खांद्यावर रुमाल. लग्न झालेल्या बाईच्या डोक्यावर मणी आणि झालर लावलेली टोपी, कुमारिकेचं डोकं उघडं किंवा फितींनी सजवलेलं. कपड्यांवरून वय, लग्न, शोक सगळं कळायचं, आणि कुठल्या गावची हेही.

ईस्टरला तिथे काय असतं?

ईस्टरचा सोमवार हा वर्षातला सर्वांत गजबजलेला दिवस. पारंपरिक पोशाखातले तरुण मुलींना गाठून विहिरीच्या पाण्याची बादलीच अंगावर ओततात. हंगेरीभर ही चाल आहे. शहरांत ती अत्तराच्या दोन थेंबांवर आली, होल्लोकोत अजून बादली आहे. मुली बदल्यात रंगवलेली अंडी देतात. वसंत, पाणी, पुढे येणारं मूलबाळ, असा त्यामागचा जुना भाव. शांतपणे गाव पाहायचं असेल तर हे दिवस टाळा. माणसांनी भरलेलं गाव पाहायचं असेल तर हेच निवडा. गर्दीत परगावचे असंख्य असतात, पण बाहेर गेलेली गावची मुलंही या दिवशी घरी येतात.

गावचं चर्च किती जुनं?

१८८९ चं. दिसायला त्याहून जुनं वाटतं, कारण ते बांधलंय घरांच्याच रीतीने: पांढऱ्या भिंती, उतरतं छप्पर आणि वर लाकडी फळ्यांचा मनोरा.

खायला काय मिळतं?

पालोत्स सूप सगळीकडे मिळेल: मटण किंवा गोमांस, फरसबी, बटाटे, शेपू आणि आंबट साय. मजा म्हणजे हे खेड्यातून आलेलं नाही. बुदापेस्टचे प्रसिद्ध खानावळवाले यानोश गुंडेल यांनी ते मिक्सातच्या सन्मानार्थ तयार केलं. खेड्यातल्या रोजच्या जेवणाच्या जवळ जायचं असेल तर स्त्रापाच्का मागवा, किसलेल्या बटाट्याचे उकडलेले गोळे आणि त्यावर मेंढीच्या दुधाचं चीज. शाकाहारी असाल तर वर डुकराची तळलेली चरबी घालू नका असं आधी सांगा.

जायचं कसं?

हंगेरी शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. बुदापेस्टहून बसने साधारण दोन तास. बसच्या फेऱ्या कमी असतात, परतीची वेळ आधी पाहून ठेवा. रस्त्यांतून फिरायला तिकीट नाही, किल्ला आणि संग्रहालयांना आहे. हिवाळ्यात बरीच दुकानं बंद असतात. जमलं तर एक रात्र तिथे मुक्काम करा. दिवसभराच्या बसगाड्या गेल्यावर गावात खरोखर किती माणसं राहतात ते आपोआप कळतं.

एखाद्या कुटुंबाचा माग काढायचा असेल तर नोंदी कुठे बघायच्या?

हंगेरीत सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ ऑक्टोबर १८९५ पासून सुरू झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, आणि कॅथलिक गावांत त्या बराच काळ लॅटिनमध्ये. म्हणजे ‘यानोश’ तिथे ‘योआन्नेस’ म्हणून भेटेल. हंगेरियन माणूस आडनाव आधी लिहितो, हेही ध्यानात ठेवा. लहान गावाला अनेकदा स्वतःचा धर्मगुरू नसे, तेव्हा नोंद शेजारच्या मोठ्या गावच्या वहीत असू शकते. त्या वह्यांत एकाच घराण्याची तीच तीच नावं सारखी येतात, मग आईचं माहेरचं नाव जुळवून माणूस ओळखावा लागतो.